उतारवयातली हाडांची झीज आणि कोलॅजन: घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कसं

पाळी गेल्यानंतरची पाच-सात वर्षं हाडांना फार जड जातात. इस्ट्रोजेन कमी झालं की जुनं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर राहत नाही आणि या काळात काही स्त्रियांच्या हाडांची घनता 20 टक्क्यांपर्यंत घटू शकते. पुरुषांची घट सावकाश होते, पण सत्तरी ओलांडली की तेही यातून सुटत नाहीत. दुखत काहीच नसतं. न्हाणीघरात पाय घसरतो, हात टेकला जातो, मनगट मोडतं, आणि तेव्हा पहिल्यांदा घरात ‘हाडं ठिसूळ झालीत’ हे शब्द ऐकू येतात.

मग कोलॅजनचा डबा येतो. कधी शेजारणीच्या सांगण्यावरून, कधी मोबाइलवरच्या जाहिरातीवरून, कधी परदेशातल्या लेकीच्या सामानातून. केस, त्वचा, गुडघे, हाडं या सगळ्यांसाठी तोच एक डबा. त्यात तथ्य आहे का? थोडं आहे. पण कोलॅजन पहिल्या क्रमांकावर ठेवलं आणि बाकीचं राहून गेलं, तर पैसा जातोच, शिवाय औषधाविना गेलेलं वर्ष परत मिळत नाही. म्हणून या लेखात कोलॅजनइतकाच भर त्याच्या आधी करायच्या गोष्टींवर आहे.

हाडात कोलॅजन कुठे असतं

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. कोंबडीचं स्वच्छ केलेलं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. आम्लात खनिज विरघळतं आणि जे उरतं ते रबरासारखं वाकतं. उरलेला तो भाग मुख्यतः कोलॅजन. हाडातल्या सेंद्रिय भागाचा सुमारे 90 टक्के हिस्सा टाइप 1 कोलॅजनचा असतो आणि त्याच्या तंतूंवर कॅल्शियम-फॉस्फरसचे स्फटिक बसतात. कडकपणा खनिजाचा, चिवटपणा कोलॅजनचा. वय वाढतं तसं दोन्ही घटतं, आणि उरलेल्या कोलॅजनची प्रतही खालावते.

पण खाल्लेलं कोलॅजन जसंच्या तसं हाडात जाऊन बसत नाही. पोटात त्याचे तुकडे होतात. बहुतेक तुकडे सुटी अमिनो आम्लं होऊन रक्तात जातात. काही छोटे तुकडे, विशेषतः प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन यांची जोडी, तसेच रक्तात पोचतात. हे तुकडे हाड बांधणाऱ्या पेशींना चालना देतात, असं प्रयोगशाळेतल्या कामांतून दिसतं. माणसाच्या हाडावर त्याचा किती परिणाम होतो, ते मात्र माणसांवरच्या चाचण्यांतूनच कळणार.

संशोधन काय सांगतं

सर्वांत जास्त उल्लेख होतो तो जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या 2018 सालच्या चाचणीचा. पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या 131 स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना रोज 5 ग्रॅम कोलॅजन पेप्टाइड्स, म्हणजे कोलॅजनचे आधीच केलेले छोटे तुकडे, दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पण कोलॅजन नसलेली पावडर. बारा महिने पूर्ण केले 102 जणींनी. कोलॅजनच्या गटात कण्याची घनता सुमारे 3 टक्के वाढली आणि मांडीच्या हाडाच्या मानेची, म्हणजे खुब्याजवळच्या भागाची, सुमारे 6.7 टक्के. दुसऱ्या गटात दोन्हीकडे थोडी घट झाली. त्यांतल्याच 31 जणींनी पुढे चालू ठेवलं. चार वर्षांअखेर त्यांची घनता वाढलेली दिसली, पण या पुढच्या टप्प्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 2015 साली 39 स्त्रियांवर चाचणी झाली. कॅल्शियमला जोडलेलं कोलॅजन घेणाऱ्यांची झीज नुसतं कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व घेणाऱ्यांपेक्षा कमी झाली. झीज थांबली नाही, मंदावली. उलट ब्राझीलमध्ये 2010 साली 24 आठवडे रोज 10 ग्रॅम देऊनही हाडांची झीज आणि बांधणी दाखवणाऱ्या रक्तातल्या खुणांत काही फरक पडला नाही.

या चाचण्या लहान आहेत आणि अशा संशोधनामागे बऱ्याचदा कोलॅजन बनवणाऱ्या उद्योगाचा पैसा असतो. घनता वाढण्याला अर्थ आहे तो हाड मोडायचं टळतं म्हणून. कोलॅजनने फ्रॅक्चर कमी होतात हे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. अॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड, डेनोसुमॅब, टेरिपॅराटाइड या हाडांच्या औषधांसाठी अशा चाचण्या झाल्या आहेत. दोहोंतला हा फरक मोठा आहे, आणि डब्यावर तो कुणी छापत नाही.

माझं मत असं: सौम्य घट असलेल्या, बाकी सगळं व्यवस्थित करत असलेल्या आणि खर्च झेपणाऱ्या व्यक्तीने एक वर्ष घेऊन पाहायला हरकत नाही. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार झालाय, हाड एकदा मोडलंय, आणि ‘गोळ्या नकोत म्हणून कोलॅजन’ असा विचार असेल, तर तो धोक्याचा आहे.

पहिली पायरी: आधी मोजा

डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या. कण्याचा खालचा भाग आणि खुबा, दोन्ही मोजले पाहिजेत. रिपोर्टमध्ये ‘टी-स्कोअर’ असतो, म्हणजे तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत तुमचं हाड कुठे आहे तो आकडा. उणे 1 किंवा त्याहून वर असेल तर ठीक, उणे 1 ते उणे 2.5 म्हणजे ऑस्टिओपेनिया (सौम्य घट), उणे 2.5 किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. 65 वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीने ही तपासणी करावी. पाळी लवकर गेलेली, आई-वडिलांचा खुबा मोडलेला, दमा किंवा संधिवातासाठी स्टिरॉइड दीर्घकाळ घेतलेलं, वजन फार कमी, यांपैकी काही असेल तर त्याआधीच.

सोसायटीच्या किंवा मेडिकलच्या शिबिरात टाच एका छोट्या यंत्रात ठेवून जो आकडा सांगतात, तो डेक्सा नव्हे. त्या आकड्यावर उपचार सुरू करू नयेत आणि वर्षाने सुधारणा झाली का, हे तर त्यावरून ठरवूच नये.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: पिशवी काढली आहे का, कोणत्या वयात, आणि अंडाशयंही काढली का? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा विषय 2019 साली राज्यभर गाजला. तिशीत-पस्तिशीत अंडाशयं गेलेल्या बाईची हाडं पन्नाशीतच साठी-सत्तरीची झालेली असू शकतात. अशा बाईने डबा घेण्याआधी डॉक्टरांना गाठलं पाहिजे.

उंचीही मोजा. तरुणपणापेक्षा 4 सेंटीमीटरहून जास्त कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल, तर मणका नकळत दबलेला असू शकतो. एक्स-रे काढून घ्या. रक्तात कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड, पॅराथायरॉइड हॉर्मोन आणि हिमोग्लोबिन पाहिलं की झिजेमागे दुसरा आजार दडलाय का, याचा बराच अंदाज येतो.

दुसरी पायरी: ताटातली आणि सवयींची दुरुस्ती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 सालच्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज 1000 मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. आपल्या स्वयंपाकघरात हे जमण्यासारखं आहे. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 350 मिलिग्रॅम असतं. पेलाभर दुधात 240 च्या आसपास. तीळ, राजगिऱ्याची आणि शेवग्याची पाला भाजी, काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, यांतूनही चांगलं मिळतं. नाचणी मोड आणून घेतली तर कॅल्शियम जास्त अंगी लागतं, कारण त्यातलं फायटिक आम्ल कमी होतं. जेवढं कमी पडेल तेवढ्यापुरती गोळी. एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर घ्या.

डी जीवनसत्त्वाचे 60,000 युनिटचे सॅशे घरोघरी दिसतात. डॉक्टर ते सहसा आठवड्याला एक, ठरावीक आठवड्यांपुरते देतात. ती चिठ्ठी वर्षानुवर्षं चालू ठेवून, किंवा ते रोज घेऊन, रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढल्याची उदाहरणं डॉक्टर पाहतात. किती आठवडे घ्यायचे, हे चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

यापेक्षाही दुर्लक्षित गोष्ट म्हणजे प्रथिनं. उतारवयात किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम धरा. 55 किलोच्या बाईला रोज 55 ते 66 ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात 7 ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यात 6, पेलाभर दुधात 6 ते 7. आपल्या आयांचं जेवण मांडून पाहा: सकाळी चहा-खारी, दुपारी पोळी-भाजी आणि दोन चमचे वरण, रात्री खिचडी किंवा नुसता भात. सोमवार, चतुर्थी, एकादशीला साबुदाणा. निम्मीही बेरीज होत नाही. उपास सोडा असं सांगून कुणी ऐकणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. उपासाला राजगिरा, दूध, दही, शेंगदाणे, पनीर चालतं. तेवढा बदल पुष्कळ आहे.

कोलॅजनने ही तूट भरत नाही. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच आणि ल्युसीन कमी असतं, म्हणून स्नायूंसाठी ते कमकुवत प्रथिन ठरतं. डाळ, अंडी, दूध, मासे यांच्या जागी कोलॅजन मोजू नका.

मिश्री आणि तंबाखू याच यादीत येतात. ‘मी खात नाही, नुसती दाताला लावते’ हे खूप ऐकू येतं. निकोटीन हिरड्यांतूनही शरीरात जातं आणि तंबाखूची सवय हाडांच्या झिजेत भरच घालते.

तिसरी पायरी: तुम्हाला चालेल का

मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. वारंवार मुतखडा होत असेल तर जास्तच जपा: कोलॅजनमधल्या हायड्रॉक्सिप्रोलीनपासून शरीरात ऑक्झलेट बनतं, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. माशाची अॅलर्जी असणाऱ्यांनी मरिन कोलॅजन टाळावं. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर आपल्या ऑन्कॉलॉजिस्टच्या सल्ल्यावाचून कोणतंच सप्लिमेंट नको.

हाडांची औषधं चालू असतील तर कोलॅजन त्यांच्या जोडीला घेता येतं, त्यांच्याऐवजी कधीच नाही. डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांनी घ्यावं लागतं. ते मध्येच सोडलं तर थांबलेली झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. ‘आता कोलॅजन चालू आहे, इंजेक्शन राहू दे’ असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हे आवर्जून सांगा.

आणि हे तितकंच महत्त्वाचं: कोलॅजन वनस्पतीत नसतं. ते गाई-म्हशींच्या कातड्यापासून आणि हाडांपासून, डुकराच्या कातडीपासून, माशाच्या खवल्यांपासून किंवा कोंबडीपासून काढतात. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आईला ‘ही प्रोटीन पावडर आहे’ असं सांगून ते दुधात मिसळू नका. तिच्या हाडांची काळजी असली तरी तो हक्क तुम्हाला नाही. ‘व्हेगन कोलॅजन’ नावाने जे विकतात त्यात बहुधा क जीवनसत्त्व, अमिनो आम्लं आणि वनस्पतींचे अर्क असतात. वर सांगितलेल्या चाचण्यांतले निष्कर्ष त्यांना लागू पडत नाहीत. शाकाहारी व्यक्तीचं यात काही मोठं नुकसान नाही. दुसरी पायरी, व्यायामाची सहावी पायरी आणि गरज पडली तर औषधाची वाट त्यांना पूर्ण मोकळी आहे.

चौथी पायरी: डबा निवडताना

समोरची मोठी अक्षरं सोडा, मागचा तक्ता वाचा.

‘हायड्रोलाइज्ड कोलॅजन’ किंवा ‘कोलॅजन पेप्टाइड्स’, टाइप 1, असं लिहिलेलं हवं. टाइप 2, त्यातही 40 मिलिग्रॅमची ‘अनडिनेचर्ड’ कॅप्सूल, सांध्यातल्या कूर्चेसाठी विकली जाते. हाडांसाठी ती घेऊन उपयोग नाही. मेडिकलमध्ये नुसतं ‘कोलॅजन द्या’ म्हटलं की बहुतेकदा हीच हातात पडते.

मग मात्रा. अभ्यासात रोज 5 ग्रॅम होती. कॅप्सूलमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम मावतं, म्हणजे रोज पाच ते दहा कॅप्सूल. त्यापेक्षा साधी, बिनवासाची पावडर बरी. 250 ग्रॅमचा डबा रोज 5 ग्रॅमने 50 दिवस पुरतो. डब्याच्या किमतीला 50 ने भागा, रोजचा खर्च कळेल. त्याला 365 ने गुणा, आणि मग ठरवा. हा पैसा दूध, अंडी, डाळीतून काढावा लागणार असेल तर कोलॅजन घेऊच नका.

एका सर्व्हिंगमध्ये 10 ग्रॅम पावडर असली तरी त्यात कोलॅजन किती आणि साखर-स्वाद किती, हे वेगळं बघावं लागतं. मधुमेहींनी तर नक्कीच.

भारतात हा पदार्थ औषध म्हणून नव्हे, अन्नपूरक म्हणून एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली विकला जातो. 14 अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना डब्यावर हवी. ‘ऑस्टिओपोरोसिस बरा करतो’ असा दावा कुणी करत असेल तर तेवढ्यावरूनच तो डबा परत ठेवावा. मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी त्रिकोणाची खूण असते. परदेशातून आलेल्या डब्यावर ही खूण नसते, तिथे स्रोत वाचा: बोव्हाइन म्हणजे गोवंश, पोर्साइन म्हणजे डुक्कर, मरिन म्हणजे मासे. शिसं, कॅडमियम, पारा यांची त्या बॅचची तपासणी कंपनीकडे मागा. जी कंपनी देत नाही तिचा माल मी घेणार नाही.

बऱ्याच पावडरींत बायोटिन हे जीवनसत्त्व मिसळलेलं असतं, कारण तोच डबा केसांसाठीही खपवायचा असतो. जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या, पॅराथायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहिल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासण्या चुकीच्या येऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) 2017 साली याबद्दल इशारा दिला होता. शक्यतो बायोटिन नसलेलं घ्या. असलेलं घेतलंच तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

पायाच्या सुपाचं काय, हा प्रश्न येतोच. पाया शिजवून निघतं ते जिलेटिन, म्हणजे कोलॅजनचंच रूप. चवीला आणि पोटाला उत्तम. पण वाटीत किती ग्रॅम उतरलं हे सांगता येत नाही, आणि हाडातलं कॅल्शियम रश्श्यात फारसं उतरत नाही. आवडीने प्या, मात्रा म्हणून मोजू नका.

पाचवी पायरी: रोजचं घेणं

पहिला आठवडा अर्धा चमचा, म्हणजे दोन-अडीच ग्रॅम. पोट फुगलं नाही, जळजळ झाली नाही, अंगावर पुरळ आलं नाही, तर 5 ग्रॅमवर जा. चमच्यांचे आकार वेगळे असतात, म्हणून एकदा तरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहा. चहा, कॉफी, ताक, नाचणीचं सत्त्व, डाळीचं पाणी, कशातही चालतं. नेहमीच्या गरमपणाने पेप्टाइड्स बिघडत नाहीत.

वेळेचं बंधन नाही, दोन गोष्टी सोडून. अॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर घेतात. त्यानंतर किमान अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. त्या वेळेत कोलॅजनही नको. थायरॉइडच्या गोळीनंतरही अर्धा-एक तास थांबा, आणि पावडरीत कॅल्शियम मिसळलेलं असेल तर चार तास.

शरीराला स्वतःचं कोलॅजन घडवायला क जीवनसत्त्व लागतं. एक पेरू किंवा एक आवळा पुरे. त्यासाठी वेगळी गोळी विकत आणू नका.

सहावी पायरी: हाडावर भार

कोलॅजनच्या निमित्ताने जे हमखास राहून जातं ते हे. हाड भाराला प्रतिसाद देतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ तरुणांनी क जीवनसत्त्वासह 15 ग्रॅम जिलेटिन घेऊन तासाभराने सहा मिनिटं दोरीच्या उड्या मारल्या, तेव्हा कोलॅजन बनत असल्याची रक्तातली खूण दुप्पट झाली. तरुणांवरचा छोटा प्रयोग आहे, फार ताणू नये. पण व्यायामाच्या तासभर आधी पावडर घ्यायला काही जात नाही.

ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर चाचणीत हाडं कमकुवत असलेल्या, पाळी गेलेल्या 101 स्त्रिया होत्या. व्यायामाच्या गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता 2.9 टक्के वाढली. घरगुती हलका व्यायाम करणाऱ्या गटाची 1.2 टक्के घटली. नुसतं चालणं हृदयाला छान, हाडांना अपुरं. फिजिओथेरपिस्टकडून सुरुवात शिकून घ्या: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं आणि जोरात टेकवणं, पायऱ्या चढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, मग हळूहळू खरी वजनं. मणका आधीच दबलेला असेल तर पुढे वाकणं आणि कंबर पिळणं टाळायचं. योगासनांतली पश्चिमोत्तानासनासारखी आसनं त्यातच येतात.

तोल सांभाळण्याचा सराव रोज करा, ओट्याला हात धरून एका पायावर उभं राहत. न्हाणीघरात पकडायला दांडी, कोरडी फरशी, रात्री उठल्यावर लागणारा दिवा, घरातही मागून पट्टा असलेली चप्पल. झोपेच्या गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी भोवळ येते. तीही डॉक्टरांना सांगा. हाड कमकुवत असलं तरी ते मोडतं बहुतेक वेळा पडल्यावरच.

सातवी पायरी: वर्षानंतरचा निर्णय

महिन्या-दोन महिन्यांत हाडांत काही दिसणार नाही. गुडघा हलका वाटला, नखं बरी झाली, तर आनंद आहे, पण त्यावरून हाड भरलं असं समजू नका. बारा महिन्यांनी, शक्यतो त्याच केंद्रात त्याच यंत्रावर, पुन्हा डेक्सा करा. वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. टी-स्कोअरपेक्षा ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर हा आकडा ताडून पाहा. दोन-तीन टक्क्यांचा फरक मोजणीच्या चुकीतही बसतो, तेव्हा तेवढ्यावर हुरळूही नका आणि खचूही नका.

घनता टिकली किंवा वाढली, आणि खर्च परवडतोय, तर चालू ठेवा. श्रेय कोलॅजनचं की व्यायामाचं हे सांगता येणार नाही, पण दोन्ही चालू असल्याने अडत नाही. घनता स्पष्ट घटली तर कोलॅजन बंद करा आणि औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. मधल्या काळात साध्या पडण्याने हाड मोडलं, किंवा वाकताना-उचलताना पाठीत अचानक तीव्र कळ आली आणि ती गेलीच नाही, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना जुना डेक्सा रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि कोलॅजनचा डबा, तिन्ही बरोबर न्या.